दुपारचं पेट्रोल

परवा माझ्या पुतण्याने मोबाइलवर एक संदेश पाठवला. वर तीन लाल दिवे, खाली जोडलेले हात आणि मध्ये मजकूर. पेट्रोल नेहमी पहाटे भरावं, दुपारी मुळीच भरू नये. उन्हाने ते फुगतं, लिटर तेवढाच दिसतो पण माल कमी मिळतो. ही माहिती गोव्यातल्या एका अनुभवी विज्ञान शिक्षिकेने दिलेली आहे, तरी जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवावी. पुतण्या पुण्याला असतो. त्याला हे कुणीतरी नागपूरहून पाठवलं होतं. मी लगेच फोन लावून त्याला चांगला फैलावर घेतला. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "काका, एवढं चिडायला काय झालं? खरं नाही का ते?"

खरं आहे की नाही ते एका वाक्यात सांगता येत नाही, गोम तिथेच आहे. आणि ती अनुभवी विज्ञान शिक्षिका म्हणजे आमच्या सुनंदा टीचर. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. हा संदेश मात्र अजून ठणठणीत आहे, गावोगाव हिंडतो आहे, आणि तो थांबवता आला नाही याची खंत उरात घेऊनच टीचर गेल्या. पुतण्याला हे काय माहीत असणार? मी फोन ठेवला.

टीचर माहेरच्या साखळी गावच्या. वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक होता, स्वतःच चालवायचे. लग्न होऊन टीचर हळर्णला आल्या आणि पेडण्याजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवू लागल्या. यजमान पणजीला सरकारी कचेरीत, सकाळच्या बसने जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. मी मराठीचा. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे आमच्या नोकरीचा बराचसा काळ एकमेकांचे डबे आणि एकमेकांच्या कटकटी वाटून घेण्यात गेला.

अंगाने लहानखुऱ्या. सुती साडी, पदराला पिन, आणि हातात एक काळी पर्स. त्या पर्समध्ये चष्म्याच्या घरात चष्मा नसायचा, थर्मामीटर असायचं. प्रयोगशाळेतलं, लांब काचेचं. चहा आला की आधी ते चहात बुडायचं. चहा पिण्याजोगा झाला आहे की नाही हे जिभेला कळतं, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्यावर त्यांचा एकच शब्द ठरलेला होता. "मोजलंस?"

हा त्यांचा तकियाकलाम. मुलगा म्हणाला, "टीचर, आज लय उकाडता," की "मोजलंस?" मुलगी म्हणाली, "माझी पेन्सिल त्येनी आखूड केल्यान," की "मोजलंस?" मुख्याध्यापकांपुढे तेवढं "मोजलात?" व्हायचं, पण सुटका त्यांचीही नसायची. एकदा मी नुसतं म्हटलं की अंगात कसर वाटते, तर बाईंनी ते चहातलं थर्मामीटर माझ्या काखेत घालायला काढलं. मी पळालो. त्या थर्मामीटरने आदल्याच दिवशी मोरचूद ढवळलेलं मी पाहिलं होतं.

आमच्याकडे पहाटे पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो. एका वर्षी शिक्षकांच्या खोलीत कुरकुर सुरू झाली की पोदेराने उंडे, म्हणजे ते गोल पाव, लहान केले. मधल्या सुट्टीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालायचा. टीचर दोन दिवस ऐकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला घरून एकेक उंडा आणायला लावला, आणि प्रयोगशाळेतल्या तराजूवर आमच्यासमोर सगळे तोलले. नंतर पोदेराच्या बापाच्या वेळेपासून पाव घेणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारून खात्री करून घेतली. उंडा होता तेवढाच होता. टीचर तिथेच थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पोदेर शाळेवरून जाताना त्यांनी त्याला थांबवलं आणि आम्हा सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. पोदेराला काही कळेना. तो म्हणाला, "टीचर, पाव जाय का नाका?" पाव हवा की नको, त्याला तेवढंच ठाऊक. आम्ही पोट धरून हसलो. पण न मोजता कुणावर आळ घेतला तर ती चोरीच, असं टीचर त्या दिवशी वर्गात म्हणाल्या होत्या, आणि ते मला अजून आठवतं.

म्हणून तर पुढचं सगळं जिव्हारी लागतं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी एकदा एक सुरेख प्रयोग मांडला. चपटी बाटली, तिच्यात लाल रंग घातलेलं रॉकेल, बुचातून वर निघालेली बारीक काचेची नळी. बाटली सावलीत असताना नळीतली लाल रेघ खाली. उन्हात ठेवली की रेघ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर चढायची. पालकांची गर्दी जमली. टीचर रंगात आल्या. म्हणाल्या, तेल तापलं की फुगतं. पंपाचं यंत्र लिटर मोजतं, वजन मोजत नाही. म्हणजे तापलेल्या पेट्रोलचा लिटर घेतलात तर गाडी चालवणारा माल त्यात थोडा कमी असतो. माझे बाबा ट्रकमध्ये डिझेल नेहमी पहाटे भरायचे, दुपारी कधीच नाही. तुम्हीही पेट्रोल पहाटे भरत जा.

टाळ्या पडल्या. वडिलांची आठवण सांगताना त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, त्यामुळे टाळ्या जास्तच पडल्या. कुणीतरी ते बोलणं मोबाइलवर पकडलं आणि गावाच्या गटावर टाकलं. मी स्वतः त्यांना म्हटलं, "टीचर, आज तुम्ही मराठीच्या मास्तरालासुद्धा विज्ञान समजावलंत." त्या लाजल्या. त्या दिवशी त्या किती खूश होत्या ते मी पाहिलं आहे.

आमच्या भागातला माणूस पहाटे उठतो तो एक तर देवळातल्या उत्सवासाठी, नाहीतर मासे घ्यायला. त्या प्रदर्शनानंतर तो पेट्रोलसाठी उठू लागला. हमरस्त्याच्या वळणावर एक पंप आहे, तिथे उजाडायच्या सुमाराला स्कूटरांची रांग लागायची. लोक डोळे चोळत उभे. कुणी लुंगीवर, कुणी तोंडात ब्रश घेऊन. मीही असायचो त्या रांगेत, खोटं कशाला बोलू? बायको म्हणायची, पेट्रोल वाचतंय ते दिसत नाही, झोप मोडतेय ती दिसते.

त्या पंपावर दुपारच्या पाळीला भिवा असायचा. बांद्याच्या पलीकडचा, सिंधुदुर्गातला माणूस, पेडण्यात खोली घेऊन बरीच वर्षं राहिलेला. सकाळी तो एकाच्या काजूच्या बागेत कामाला जायचा, म्हणून त्याने दुपारची पाळी मागून घेतली होती. आमच्याकडे एक ते चार सगळं गाव झोपतं. दुकानं बंद, बाजार बंद. त्या वेळी पंपावर येणार कोण, तर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडून आमच्याकडचं स्वस्त पेट्रोल भरायला येणारे, आणि वाट चुकलेले पर्यटक. भिवा डोक्यावर ओला पंचा टाकून उन्हात उभा असायचा. गाडी आली की आधी टाकीच्या झाकणावरची धूळ फडक्याने पुसायची, मग मोठ्याने म्हणायचं, "झिरो बघा!" गिऱ्हाइकाने यंत्रावरचा शून्य बघितल्याशिवाय तो नळी टाकीत घालत नसे. बोलायला तुसडा. पण असा काटेकोर माणूस त्या पंपावर दुसरा नव्हता.

टीचरांचं वाक्य होतं, दुपारचं पेट्रोल फुगतं. गावात फिरता फिरता ते वाढलं. पंपाशेजारी सदाचं चहाचं दुकान आहे. एके दिवशी सदा माझ्यासमोर चहा ठेवत म्हणाला, "मास्तर, दुपारचा पेट्रोल फुगता ना? मग ती फुगी जाता खंय? भिवाच्या खिशात."

मी हसलो. विनोद म्हणून हसलो. पण सदाने तो विनोद म्हणून केला नव्हता. महिनाभरात ते गावभर झालं. दुपारी पेट्रोल कमी मिळतं, दुपारी भिवा असतो, म्हणजे भिवा कमी घालतो. एवढं सोपं गणित मांडायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

आमच्याकडे अशा गोष्टी पोलिसांत नेत नाहीत, देवळात नेतात. माणसावर संशय आला की त्याने देवासमोर नारळावर हात ठेवून सांगायचं की मी केलं नाही. त्याला प्रमाण करणं म्हणतात. प्रमाण केलं की विषय संपला, मग कुणी ब्र काढत नाही. गुणाजी मानकरी म्हणजे देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे. ते चौघांना घेऊन पंपावर गेले आणि भिवाला म्हणाले, "भिवा, एकदा देवाकडे येऊन प्रमाण कर. लोकांची तोंडां बंद होतली. तुकाच बरां."

भिवा एका टाकीचं झाकण पुसत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "मी काय केलंय म्हणान प्रमाण करू? मशीन असा, आकडो असा, बघा आनी घ्या. देवाक कित्याक मधी घालतास?"

चोख उत्तर होतं. पण गावाने त्याचा अर्थ एकच काढला. प्रमाण करायला घाबरला म्हणजे खाल्लेलं आहे. त्यानंतर सदाने त्याला चहा देणं बंद केलं. पंपाचा मालक वाईट नव्हता, पण त्यालाही गिऱ्हाईक हवं होतं. तो म्हणाला, काही दिवस नळीवर उभा राहू नकोस, मागचं आवार झाडत जा. भिवाने पंचा खांद्यावर टाकला, खोलीची किल्ली घरमालकाच्या हातात दिली आणि तो सीमेपलीकडे निघून गेला.

ही बातमी टीचरांना मीच सांगितली. डबा खाताना, गावातली गंमत म्हणून. "तुमच्या बाटलीने एका माणसाची नोकरी खाल्ली बघा," असं काहीतरी मी बरळलो. त्यांचा घास हातातच राहिला.

"प्रमाण कर म्हणाले? कशावरून?"

"दुपारी पेट्रोल कमी मिळतं म्हणून."

"पण कुणी मोजलं?" एवढं म्हणून त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मला आजही दिसतो. मग हळूच म्हणाल्या, "सर, मी तरी कुठे मोजलं होतं?"

त्यांनी डबा बंद केला. त्या दिवशी पुढचे तास त्यांनी घेतले, पण "मोजलंस?" हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही.

मे महिन्याची सुट्टी लागली तशी टीचर थर्मामीटर घेऊन पंपावर गेल्या. मालकाला म्हणाल्या, मला तुमच्या नळीतून येणाऱ्या पेट्रोलचं तापमान बघायचं आहे. पंपावर तपासणीसाठी काचेचं उंच भांडं असतंच, त्यात पेट्रोल काढायचं, थर्मामीटर बुडवायचं. पहाटे एकदा, भर दुपारी एकदा. आठवडाभर त्यांनी हे चालवलं. दुपारी नळीत अडकलेलं पहिलं थोडं पेट्रोल कोमट यायचं, ते त्या वेगळं काढायच्या. मग जे यायचं ते पहाटेइतकंच थंड. बाहेर डांबर वितळायची वेळ, आणि काचेतला पारा जागचा हलायला तयार नाही. फरक पडला तर एवढा की रेघेवर बोट ठेवून सांगता येऊ नये.

कारण साधं होतं. पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते, तिथे सकाळ कळत नाही आणि दुपारही कळत नाही. टीचरांचं सूत्र बरोबर होतं. तेल तापलं की फुगतं, त्यात खोटं काही नाही. थंडीच्या दिवसांत आणि मे महिन्यात थोडा फरक राहील, उन्हातून आलेला टँकर नुकताच रिकामा झाला असेल तरी राहील, असंही त्या प्रामाणिकपणे सांगायच्या. पण पहाटे आणि दुपारी, एकाच पंपावर, एकाच दिवशी? काही नाही. त्यांनी बाटली उन्हात ठेवून दाखवली होती, आणि पेट्रोल काही उन्हात नव्हतं. वडिलांच्या सवयीला त्यांनी विज्ञानाचा सदरा घातला होता, इतकंच.

मग त्या ते सांगत सुटल्या. रांगेत जाऊन सांगितलं, दुकानांत सांगितलं, शाळेच्या सभेत सांगितलं. त्या सभेतलं बोलणं मात्र कुणी मोबाइलवर पकडलं नाही. चुकीला पाय फुटतात, दुरुस्तीला फुटत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं. सदा तर त्यांच्या तोंडावर म्हणाला, "टीचर, पयली तुमी खरां सांगितलास. आता पंपवाल्यान तुमका गप केल्यान, होय मा?" टीचर चहाचा कप तसाच ठेवून बाहेर आल्या. रस्त्यात मला म्हणाल्या, "आता कळलं भिवाला कसं वाटलं असेल ते."

टीचर देवदेव करणाऱ्या नव्हत्या. उत्सवाला यायच्या, दीपमाळेपाशी उभ्या राहायच्या, प्रसाद घ्यायच्या आणि घरी जायच्या. त्या वर्षीच्या उत्सवात मात्र त्या सरळ आत गेल्या आणि गुणाजी मानकऱ्यांना म्हणाल्या, "माझ्या नावान गाऱ्हाणा घाला."

गुणाजींना बरं वाटलं. मुलाचं काही असेल असं वाटून त्यांनी विचारलं, "कसला? झिलाच्या नोकरेचा?"

"पेट्रोलाचा," टीचर म्हणाल्या, आणि काय सांगायचं ते त्यांना नीट समजावून दिलं. गुणाजी गांगरले. त्यांनी आयुष्यभर गुराढोरांचं, बागायतीचं, परदेशी गेलेल्या मुलांचं गाऱ्हाणं घातलेलं. जमिनीखालच्या टाकीचं कधी घातलं नव्हतं. तरी त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक, शाळेची टीचर. हिच्या हातान पेट्रोलाविषयी जी काय चूकभूल झाली असात, ती तू पोटात घाल..."

"पोटात घालू नको!" टीचर मध्येच म्हणाल्या.  गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोलत नाही. टीचर बोलतच राहिल्या. "देवाक सगळा ठावक असा. ह्यांका सांगा. दुपारचा पेट्रोल सकाळच्यासारखाच असता. मी मोजल्याशिवाय बोललंय. भिवान काय एक खाऊक नाय. चूक माझी."

गुणाजींनी डोळे उघडून एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते सगळं जसंच्या तसं, शब्द न शब्द देवाला ऐकवलं. आणि जमलेले लोक सवयीने एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

गाव हो म्हणालं खरं, पण गाव प्रत्येक गाऱ्हाण्याला हो म्हणतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पंपावर रांग होतीच. मी मात्र त्या दिवसापासून रांगेत गेलो नाही. मला आता तिथे उभं राहायची लाज वाटू लागली होती.

भिवा बांद्याकडच्या एका पंपावर लागल्याचं टीचरांना कळलं. मला म्हणाल्या, "सर, सोबत याल? एकटीला धीर होत नाही." आम्ही दोघं आपापल्या स्कूटरवर सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून गेलो. ऐन दुपार. समोरून तिकडच्या गाड्या इकडे येत होत्या, कारण पेट्रोल आमच्याकडे स्वस्त. पेट्रोल भरायला उलट्या दिशेने जाणारी माणसं त्या रस्त्यावर आम्ही दोघंच असू.

भिवाने टीचरांना ओळखलं. ओळखल्याचं दाखवलं नाही. झाकण पुसलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "झिरो बघा."

टीचर यंत्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माका बघूची गरज नाय, भिवा. माझो तुझ्यावर विश्वास असा."

रस्ताभर त्यांनी हे वाक्य मनात घोळवलं असणार. मलाही ते ऐकून भरून आलं. भिवाने नळी परत जागेवर अडकवली.

"बघल्याशिवाय मी घालूचंय नाय," तो म्हणाला. "न बघताच लोकांनी माका चोर केल्यानी. आता न बघताच साव करतास?"

टीचरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वळल्या, यंत्रापुढे गेल्या, हजेरीला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याच्या आवाजात म्हणाल्या, "झिरो." मग त्याने पेट्रोल घातलं. जे बोलायचं म्हणून टीचर आल्या होत्या ते बोलणं राहूनच गेलं. परत येताना एवढंच म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे."

त्यानंतर टीचरांनी आमच्या पंपावर कधी पेट्रोल भरलं नाही. टाकी आटत आली की त्या दुपारी, भर उन्हात, हळर्णहून निघायच्या आणि सीमेपलीकडे भिवाकडे जायच्या. तिथलं महाग पेट्रोल घ्यायच्या. जाण्यायेण्यातच त्यातलं किती जळत असेल, असं मी म्हटलं तर हसायच्या. यजमान वैतागायचे, मुलगा फोनवर ओरडायचा. शाळेतले लोक मागे टिंगल करायचे की टीचरांना ऊन लागलं. भिवा त्यांच्याशी पंपाच्या कामापलीकडे चार शब्द बोलत नसे. पाणी हवं का, असंही कधी विचारलं नाही. तो म्हणायचा, "झिरो बघा." त्या म्हणायच्या, "झिरो." वर्षानुवर्षं त्या दोघांचं संभाषण एवढंच. मी एकदा न राहवून म्हटलं, "टीचर, अजून किती दिवस? तुम्ही देवळात सगळ्यांसमोर कबूल केलंत की."

त्या म्हणाल्या, "देवळात मी गावाला सांगितलं, सर. त्याचं काय? त्याने गाव सोडलं ते सोडलंच."

निवृत्त झाल्यावरही हे चालू राहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली, गाडी चालवायची बंदी आली. एप्रिलच्या एका दुपारी त्यांचा फोन आला. "सर, मला जरा भिवाकडे न्याल? गाडी तुमचीच घ्या. पेट्रोल तुमच्या टाकीत घालू."

माझी झोपेची वेळ. मी कुरकुरलो, पण गेलो. त्या मागे बसल्या, डोळ्यांवर शस्त्रक्रियेनंतरचा मोठा काळा चष्मा, हातात ती पर्स. अंगाने त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की मागे कुणी बसलं आहे असं वाटत नव्हतं. 

पंपावर ऊन असं पडलं होतं की यंत्राची काच नुसती चकाकत होती. भिवाचेही केस पांढरे झालेले. डोक्यावर ओला पंचा तसाच. माझ्या गाडीचं झाकण त्याने पुसलं, मागे उतरलेल्या टीचरांकडे बघितलं, त्या काळ्या चष्म्याकडे बघितलं.

"झिरो बघा," तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता.

टीचर चाचपडत यंत्रापाशी गेल्या. काचेजवळ तोंड नेलं. चकाकीत त्यांना काही दिसेना. काळा चष्मा काढला, पुन्हा घातला. एका हाताने काचेवर सावली धरली, मग पर्स माझ्याकडे देऊन दोन्ही हातांनी धरली. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. एकाने हॉर्न वाजवला. मला आकडा दिसत होता. मी म्हणणार होतो, टीचर, आहे झिरो, म्हणा आणि चला. पण मला ते म्हणवलं नाही.

"दिसना नाय रे," टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जरा थांब. मी बघतंय."

भिवाने नळी परत अडकवली. डोक्यावरचा ओला पंचा काढला, झटकला, आणि दोन्ही हातांनी तो यंत्राच्या काचेवर धरला. काचेवर सावली पडली, टीचरांच्या डोक्यावरही पडली. तो स्वतः उघड्या डोक्याने उन्हात उभा राहिला. मागचा हॉर्न वाजत होता, त्याने तिकडे पाहिलं नाही.

"घाई नाय," तो म्हणाला. "सावकाश बघा, टीचर."

त्याने त्यांना टीचर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या पंच्याच्या सावलीत वाकून टीचर बघत राहिल्या, आकडा दिसायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग म्हणाल्या, "झिरो."